हवा कोंबली, पण तापली त्याचं काय?

बीएमडब्ल्यूने २००१ साली नव्याने आणलेल्या मिनीच्या ‘कूपर एस’ या गाडीच्या बॉनेटवर मधोमध एक आडवी फट आहे. साध्या कूपरला ती नाही. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, जादा पैसे मोजल्याची खूण म्हणून कंपनीने हा नखरा केला असावा. बॉनेट उचललं की उलगडा होतो. फटीच्या बरोबर खाली, इंजिनाच्या डोक्यावर, अॅल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांचा एक चपटा डबा आडवा बसवलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जाड रबरी बूट. एका बुटातून तापलेली हवा आत येते, दुसऱ्यातून निवलेली हवा इंजिनात जाते. फटीतून घुसणारा वारा त्या पापुद्र्यांवरून वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. हा इंटरकूलर.

कूपर आणि कूपर एस या दोन्ही गाड्यांचं इंजिन १६०० सीसीचं, एकाच घराण्यातलं, ब्राझीलच्या कांपो लार्गो इथल्या कारखान्यात तयार झालेलं. साधी कूपर ११५ अश्वशक्ती देते, एस १६३. मधल्या ४८ अश्वशक्तीचं श्रेय लोक सुपरचार्जरला देऊन मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे. रस्त्यावरच्या गाडीला सुपरचार्जर बसवण्याचा विषय निघाला की चर्चा बेल्टवर फिरणाऱ्या त्या यंत्राची होते, त्याच्या शीळ घातल्यासारख्या आवाजाची होते, किमतीची होते. गाडी चालणार की बसणार हे ठरतं मात्र बहुतेक वेळा त्या चपट्या डब्यावर.

इंजिनाला जादा पेट्रोल पाजणं अवघड नाही. अडचण हवेची आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि पिस्टन खाली येताना जेवढी हवा ओढून घेईल तेवढीच साध्या इंजिनाच्या वाट्याला येते. पेट्रोल कितीही ओता, हवा नसेल तर ते काळा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडणार. ताकद वाढवायची तर सिलिंडर मोठे करा, इंजिन जास्त वेगाने फिरवा, किंवा बाहेरून हवा दाबून भरा. तिसरा मार्ग घेतला आणि दाबणारं यंत्र इंजिनाच्याच बेल्टवर चालवलं तर तो सुपरचार्जर. ते एक्झॉस्टच्या वायूवर चालवलं तर टर्बो.

ही कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी लोकरीची गिरणी असलेल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या एका यंत्राचं पेटंट घेतलं. ते पुढे लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालायला आणि खाणींत हवा खेळवायला वापरलं गेलं. मोटारगाडी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. गॉटलीब डाइमलरने १८८५ मध्ये इंजिनात हवा दाबून भरण्याचं पेटंट घेतलं, आणि १९२१ च्या बर्लिन मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर बसवलेल्या विक्रीच्या गाड्या मांडल्या. त्यांची नावं मोठी गमतीची होती: ६/२५/४० आणि १०/४०/६५. पहिला आकडा करासाठी धरलेल्या अश्वशक्तीचा, दुसरा इंजिनाच्या नेहमीच्या ताकदीचा आणि तिसरा सुपरचार्जर जोडल्यावरच्या ताकदीचा. एरवी तो यंत्रभाग स्वस्थ बसलेला असे. चालकाने पेडल तळापर्यंत दाबलं की क्लच लागून तो फिरू लागे.

इंग्लंडमध्ये बेंटलीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना सुपरचार्जर मुळीच मान्य नव्हता. ताकद हवी तर इंजिन मोठं करावं, असं त्यांचं मत. त्यांच्या विरोधाला न जुमानता टिम बर्किन या शर्यतपटूने डोरोथी पॅजेट या श्रीमंत बाईंच्या पैशावर साडेचार लिटरच्या बेंटलीला पुढच्या बाजूला, अगदी रेडिएटरच्याही पुढे, भला थोरला सुपरचार्जर लावला. शर्यतीच्या आणि विक्रीच्या मिळून अशा ५५ गाड्या झाल्या. ‘ब्लोअर बेंटली’ म्हणून ती आज संग्राहकांच्या गळ्यातला ताईत आहे. ले माँची शर्यत मात्र ब्लोअरला कधीच जिंकता आली नाही. १९३० मध्ये तिथे जिंकली ती बेंटलीचीच मोठ्या इंजिनाची, सुपरचार्जर नसलेली स्पीड सिक्स. डब्ल्यू. ओ. यांना काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

रूट्स भावांची रचना आजही जवळपास तशीच आहे. मिनीत बसलेला ईटन कंपनीचा एम ४५ उघडून पाहिला तर अॅल्युमिनियमच्या कवचात शेजारी शेजारी दोन रोटर दिसतात. प्रत्येकाला तीन पाळ्या, आणि त्या सरळ नाहीत, पीळ दिलेल्या. एकाची पाळी दुसऱ्याच्या खाचेत शिरते, पण दोघे एकमेकांना शिवत नाहीत. कवचालाही शिवत नाहीत. मधली फट केसाच्या जाडीच्या हिशोबातली. रोटर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून टोकाला दातेरी चक्रांची जोडी असते आणि ती स्वतःच्या वेगळ्या तेलात बुडलेली असते. हे तेल कमी झालं तरी डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागत नाही, म्हणून जुन्या मिनींत ते हमखास दुर्लक्षित राहतं. एम ४५ मधला ४५ हा आकडा घनइंचांचा: एका फेऱ्यात तेवढी, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर, हवा पुढे ढकलली जाते. इंजिन जोरात फिरत असताना हे रोटर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतात.

रूट्सची एक खोड आहे. तो हवा स्वतःच्या पोटात दाबत नाही, नुसती ढकलतो. ती पुढे साठते आणि तिथे दाब तयार होतो. या धसमुसळेपणात बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. स्वीडिश अभियंता आल्फ लिशोल्म यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्विन-स्क्रू प्रकारात हवा आतल्या आतच दाबली जाते, त्यामुळे ती कमी तापते. तिसरा प्रकार सेंट्रिफ्युगलचा. त्यात टर्बोसारखं पात्यांचं चाक असतं, पण ते बेल्टने फिरतं. तो आटोपशीर आणि कार्यक्षम आहे, मात्र त्याचा दाब इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जातो. सिग्नलवरून निघताना तो फारसा कामाचा नाही. शहरात चालणाऱ्या गाडीला रूट्स घराण्यातला यंत्रभाग आवडतो तो त्यामुळेच. पेडल दाबताक्षणी पिकअप मिळतो.

आता उष्णतेचा हिशोब. पुण्यातली मार्चची दुपार धरा, हवा ३५ अंश सेल्सिअस. सुपरचार्जर तिचा दाब दीडपट करतो, म्हणजे वातावरणाच्या वर अर्धा बार. रस्त्यावरच्या गाडीला हा दाब माफक म्हणतात. भौतिकशास्त्राच्या नियमाने, यंत्र अगदी आदर्श असतं तरी हवा ३८ अंशांनी तापली असती. साध्या रूट्सची कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास धरली तर वाढ ६९ अंशांची होते. म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी येणारी हवा १०४ अंशांवर, पाणी उकळेल इतकी गरम.

गरम हवा विरळ असते. दाब पन्नास टक्क्यांनी वाढला खरा, पण सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष शिरलेली हवा वजनाने वाढली जेमतेम २२-२३ टक्के. अर्ध्याहून जास्त कमाई उष्णतेने खाल्ली. त्यात सुपरचार्जर फिरवायला इंजिनाचीच ताकद जाते. मिनीसारख्या छोट्या गाडीत ती दहा-पंधरा अश्वशक्ती असते. अमेरिकेतल्या डॉज हेलकॅट या ६.२ लिटरच्या दांडग्या गाडीत कंपनीच्याच सांगण्यानुसार ऐंशी. तेव्हा खर्च वजा जाता हातात काय उरतं, हा प्रश्न रास्त आहे.

हीच हवा इंटरकूलरमधून फिरवून ५५ अंशांवर आणली तर? वजनातली वाढ २२ वरून ३८ टक्क्यांच्या घरात जाते; इंटरकूलरच्या अरुंद वाटांत थोडा दाब वाया जातो तो धरूनही. त्याच सुपरचार्जरकडून, त्याच वेगाला, दीडपटीहून अधिक फायदा. त्यासाठी एक हलणारा भागही वाढवावा लागलेला नाही.

आणि ताकद ही यातली दुय्यम गोष्ट आहे. मुख्य गोष्ट इंजिन वाचण्याची. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर ज्वाळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जायला हवी. कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आधीच फार तापलेलं असेल, तर ज्वाळा पोचण्याआधी ते स्वतःहून एकदम भडकतं. मेकॅनिक याला ‘नॉकिंग’ म्हणतात. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी रेटली की जुन्या गाड्यांतून खडखड ऐकू यायची, ती हीच. साध्या इंजिनात ती सहसा नुसती खडखड राहते. दाबून हवा भरलेल्या इंजिनात तेच धक्के पिस्टनच्या कडा तोडतात, रिंगांची बैठक उडवतात, हेड गॅस्केट फोडतात. त्याला चारदोन सेकंद पुरतात, आणि कित्येकदा सुपरचार्जरच्या शिळेत तो आवाज चालकाच्या कानावर येतच नाही.

मिनीच्या अभियंत्यांनी यावर दुहेरी उपाय केला होता. साध्या कूपरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर जाताना मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.६ आहे, एसचं त्यांनी ८.३ वर आणलं आणि वर इंटरकूलर दिला. कारखान्यात हे जमतं, कारण पिस्टनच वेगळे बसवता येतात. घरची गाडी गॅरेजमध्ये नेऊन सुपरचार्जर लावणाऱ्याकडे ती मुभा नसते. इंजिन न उघडता काम करायचं असतं. त्याच्या हातात उरतात तीन गोष्टी: दाब कमी ठेवणं, ठिणगी थोडी उशिरा पाडणं आणि हवा निववणं. पहिल्या दोन्हींत ताकद जाते. तिसरीत ती वाढते.

निववायचं कसं, याचे दोन पंथ आहेत. पहिला हवेने हवा थंड करण्याचा, मिनीसारखा. यात पंप नाही, पाणी नाही, बिघडण्यासारखं काही नाही. पण इंटरकूलरवर वारा लागला पाहिजे, म्हणजे बॉनेटला तशी फट नसेल तर तो बंपरमागे न्यावा लागतो आणि तिथपर्यंत जाऊन परत येणारे जाड पाइप टाकावे लागतात. दुसऱ्या पंथात सुपरचार्जरच्या लगेच खाली एक छोटा गाभा बसवतात आणि त्यातून पाणी फिरवतात. विजेवर चालणारा लहानसा पंप ते पाणी पुढच्या बाजूच्या वेगळ्या, पातळ रेडिएटरकडे नेतो. इंजिनाच्या कूलंटशी याचा संबंध नसतो, नसायलाच हवा. ते तर नव्वद अंशांवर असतं. फोर्डने २००३ च्या मस्टँग कोब्राला ईटनचा एम ११२ बसवला तेव्हा हीच पाण्याची पद्धत वापरली आणि ४.६ लिटरमधून ३९० अश्वशक्ती काढली.

पाण्याची जमेची बाजू आकड्यांत पाहावी. १६०० सीसीच्या इंजिनात अर्ध्या बारच्या दाबाला, पूर्ण वेगात, इंटरकूलरला सेकंदागणिक काढून टाकावी लागणारी उष्णता सुमारे ६ किलोवॉट भरते, म्हणजे न्हाणीघरातले २ किलोवॉटचे तीन गीझर एकदम चालू असल्यासारखं. पण रस्त्यावर पेडल पूर्ण दाबलेलं राहतं किती वेळ? एखाद्या ट्रकला ओलांडताना दहा सेकंद. तेवढ्या वेळात पाच लिटर पाणी तीनच अंशांनी तापतं, आणि पुढचं एखादं किलोमीटर सावकाश जाताना ते पुन्हा निवतं. तीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर नेली की गणित उलटतं. दोन मिनिटं सलग दाबलं तर, पुढच्या रेडिएटरने काहीच मदत केली नाही असं धरल्यास, पाणी तीस-पस्तीस अंशांनी चढतं. मग इंटरकूलर असून नसल्यासारखा होतो, इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठिणगी मागे घेतो आणि तिसऱ्या फेरीत चालक विचारतो, मघाची ताकद गेली कुठे?

लोटसचं उदाहरण या सगळ्यावर बोलकं आहे. या इंग्रजी कंपनीने टोयोटाचं १८०० सीसीचं इंजिन घेऊन २००६ मध्ये एक्झीज एस काढली: सुपरचार्जर, इंजिनावर इंटरकूलर आणि त्याला वारा घालायला छतावर तोंड. ताकद २१८ अश्वशक्ती. दोन वर्षांनी आली इलीस एससी. तेच इंजिन, सुपरचार्जर वेगळ्या घडणीचा, आणि इंटरकूलर नाहीच. ताकद जवळपास तेवढीच. मग इंटरकूलर फुकटच होता म्हणायचा? नाही. इलीसवाल्यांना वजन वाचवायचं होतं, आणि त्यांनी तेवढ्यावरच थांबायचं ठरवलं होतं. एक्झीजचं इंजिन मात्र पुढे २४० अश्वशक्तीपर्यंत नेता आलं, कारण निववण्याची सोय आधीपासून होती. किंमत एवढीच की एक्झीजच्या मधल्या आरशात मागचा रस्ता दिसत नाही, इंटरकूलरच दिसतो.

दुसऱ्या महायुद्धात याच प्रश्नाने विमानांनाही छळलं होतं. जर्मनीच्या फोकवुल्फ १९० पुढे स्पिटफायर कमी पडू लागलं तेव्हा रोल्स रॉइसने मर्लिन इंजिनाला एकामागे एक असे दोन टप्प्यांचे सुपरचार्जर लावले. स्टॅनली हूकर हे त्या कामातलं मोठं नाव, आणि ते मुळात गणिताचे माणूस. दोनदा दाबलेली हवा इतकी तापायची की मधे पाण्याने थंड करणारा गाभा बसवल्याशिवाय इंजिन टिकणं शक्य नव्हतं. १९४२ मध्ये हे इंजिन घेऊन स्पिटफायर मार्क ९ उतरलं आणि उंचावरच्या लढाईचं पारडं फिरलं. आजच्या गाड्यांतली पाण्याची पद्धत त्याच कुळातली. डॉजने २०१८ च्या डीमनमध्ये तर कहर केला. गाडीच्या एसीचा गारवा प्रवाशांऐवजी इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवण्याची सोय ठेवली. माणसांनी घामाघूम व्हावं, पण इंजिनाने नाही.

हवा निववायचा आणखी एक जुना मार्ग आहे, फवाऱ्याचा. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर टर्बोवर चालायची आणि नॉकिंग टाळायला तिच्या इंजिनात पाणी व मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जाई. त्याची वेगळी टाकी भरावी लागे. मालक ती भरायला विसरत, मग गाडी आपणहून ताकद कमी करी आणि मालक तक्रार घेऊन वर्कशॉपच्या दारात. शेवटी अनेक गाड्यांचे टर्बो काढून त्यांना साधे कार्ब्युरेटर बसवून दिले गेले. सामान्य ग्राहकाकडून एका जादा टाकीची निगा होत नाही, हे त्या गाडीने दाखवून दिलं.

हौशी माणसाने स्वतःच्या गाडीला सुपरचार्जर बसवण्याची सर्वांत रुळलेली वाट माझदा एमएक्स-५ ची. १९८९ मध्ये आलेली ही दोन आसनी उघडी गाडी, १६०० सीसी, सुमारे ११५ अश्वशक्ती. वळणांवर बहारदार, सरळ रस्त्यावर थोडी मरगळलेली. अमेरिकेत तिच्यासाठी जॅक्सन रेसिंगने ईटनचा एम ४५ घेऊन तयार किट काढलं. दाब सुमारे ०.४ बार, इंटरकूलर नाही. किट घेऊन शनिवार-रविवारी घरच्या गॅरेजमध्ये ते बसवणारे हजारो निघाले. इतक्या कमी दाबाला, चांगल्या पेट्रोलवर, थंड प्रदेशात ते खपूनही गेलं.

खरी गोष्ट सुरू होते ती त्यानंतर. सुपरचार्जरवरची पुली लहान केली की तो जास्त वेगाने फिरतो आणि दाब वाढतो. मिनीवाल्यांमध्ये पंधरा टक्के लहान पुली हा तर ठरलेला पहिला बदल. काम दोन-तीन तासांचं, खर्च थोडा, आणि फरक पहिल्याच फेरीत जाणवणारा. पण पुलीबरोबर उष्णता चढते, आणि तिच्या मागोमाग बाकी सगळी साखळी ओढली जाते. हवा वाढली म्हणून पेट्रोल वाढवायला हवं. सुरुवातीच्या किटांत दाबाबरोबर पेट्रोलचं प्रेशर वाढवणारा एक यांत्रिक रेग्युलेटर असे. तो अंदाजपंचे काम. आता मोठे इंजेक्टर, दमदार पंप आणि नव्याने मॅप केलेला ईसीयू हाच शहाणपणाचा रस्ता. स्पार्क प्लग एक दर्जा ‘थंड’ घ्यावे लागतात, त्यांची फट थोडी कमी करावी लागते, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते. सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून मिश्रण डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. पूर्ण दाबाला ते हवेच्या बारा भागांना पेट्रोल एक भाग, अशा आसपास गडद ठेवतात.

मग इंटरकूलर येतो. तो रेडिएटरच्या पुढे बसतो आणि रेडिएटरचा वारा अडवतो. इंजिन आधीपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय आणि त्याला निववणारा रेडिएटर आता गरम वारा खातोय. एमएक्स-५ मध्ये ही दुखरी नस आधीपासूनच आहे. तिचं इंजिन मुळात माझदा ३२३ या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या घराण्यातलं. एमएक्स-५ मध्ये ते उभं बसवताना पाणी बाहेर पडण्याची वाट मागून पुढे आणली गेली, त्यामुळे सर्वांत मागचा चौथा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा गरम राहतो. जाणकार मंडळी दाब वाढवण्याआधी पाण्याची वाट पुन्हा मागे नेतात आणि जाड रेडिएटर टाकतात. या कामाला ना आवाज, ना दिखावा, त्यामुळे उत्साही मालकाला ते पटवणं कठीण जातं.

बारीकसारीक गोष्टींनीही गाडी अडते. मिनीच्या त्या रबरी बुटांचंच घ्या. इंजिनाच्या वाफेतलं तेल आत येऊन साचतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि दाबाखाली एखाद्या दिवशी क्लिपमधून निसटतं. फुस्स असा आवाज होतो, गाडी एकदम पडते, मालकाला वाटतं सुपरचार्जर गेला. पंधरा मिनिटांत बूट बदलून काम भागतं, फक्त तिथे बघायचं सुचायला हवं.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर इंटरकूलर नवा नाही. टाटाच्या मालट्रकांवर ‘टीसी’ अशी अक्षरं आणि त्यांच्या इंजिनांच्या नावांत ‘टीसीआयसी’ कितीतरी वर्षं आहे. शेवटचं ‘आयसी’ म्हणजे इंटरकूल्ड. पहिल्या पिढीच्या फॉर्च्यूनरच्या बॉनेटवरचं तोंडही मिनीसारखंच खालच्या इंटरकूलरला वारा घालणारं. सुपरचार्जर मात्र इथे दुर्मीळ. ‘कॉम्प्रेसर’ अशी जर्मन अक्षरं मिरवणारी मर्सिडीज सी २०० के पुण्यात जोडली जाऊन देशभर विकली गेली, तेवढीच काय ती ओळख. तिच्यात १८०० सीसीचं इंजिन, बेल्टवरचा सुपरचार्जर आणि इंटरकूलर होता. पुढे मर्सिडीजनेही चार सिलिंडरच्या गाड्यांत टर्बोच घेतला. मिनी भारतात अधिकृतपणे आली २०१२ मध्ये. तोवर कूपर एसही टर्बोवर गेली होती. कारण उघड आहे: टर्बो एक्झॉस्टमधल्या वाया जाणाऱ्या ऊर्जेवर चालतो, आणि मायलेजच्या कसोटीत त्याचे गुण जास्त येतात.

मग इथल्या एखाद्याने आपल्या साध्या पेट्रोल गाडीला किट बसवावं का? हवामान पहिलं आडवं येतं. वर केलेला हिशोब ३५ अंशांचा होता. विदर्भातल्या मे महिन्यात ४५ अंशांवरून सुरुवात होते आणि ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटखालची हवा त्याहून कितीतरी गरम असते. इंधन दुसरं. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक इथे बराच काळ ९१ राहिला. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये मुंबई-पुण्यासह काही शहरांत आणलं, पण ते गावोगावच्या पंपावर नाही. आता पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं इथेनॉल नॉकिंग रोखायला मदत करतं, बाष्प होताना मिश्रण थोडं निववतंही, मात्र त्याच कामाला इंधन जास्त लागतं. म्हणजे इंजेक्टरचा हिशोब पुन्हा मांडायचा.

तिसरा अडसर कायद्याचा, आणि तो सगळ्यांत पक्का. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघात झाल्यास विमा कंपनीपुढे काय बोलणार, हा प्रश्न आणखी वेगळा. कॅलिफोर्नियात एखादं किट प्रदूषणाच्या चाचणीत उतरलं की तिथलं हवा मंडळ त्याला क्रमांक देतं, तो बॉनेटखाली चिकटवला की मालक निर्धास्त. आपल्याकडे मंजूर सीएनजी किटची नोंद आरसी बुकात करून मिळते. सुपरचार्जरला ती वाट नाही.

तेव्हा ज्याला हा नाद करायचाच आहे, त्याने कोइमतूरचा करी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचं सर्किट अशा बंद ट्रॅकसाठीची वेगळी गाडी धरावी आणि खर्चाच्या अंदाजात पहिली ओळ रेडिएटर-इंटरकूलरची लिहावी, सुपरचार्जरची नंतर. रोजच्या रस्त्यावर ती शीळ ऐकायची हौस असेल, तर जुन्या बाजारातली कॉम्प्रेसर मर्सिडीज पाहावी. कारखान्यातून तशीच आल्यामुळे आरटीओची कटकट नाही. मात्र गाडी भर दुपारी बघायला जा. अर्धा तास गर्दीत चालवा, मग मोकळ्या रस्त्यावर एकदा पूर्ण दाबून पाहा, आणि त्यानंतर बॉनेट उघडून बेल्ट, पाइपांचे जोड आणि तेलाचे डाग तपासा. सकाळच्या गारव्यात दारात आणून दाखवलेल्या गाडीचा व्यवहार तिथल्या तिथे करू नका.